साठवणीचा तळ

चैत्र अर्धा सरला, कीं आमच्या गल्लींतल्या गच्च्यांवर जुनीं धोतरें आणि चादरी पसरल्या जातात. एकीवर गहूं, दुसरीवर तांबड्या मिरच्या, तिसरीवर हळकुंडें. वर्षाचें धान्य भरण्याची चाल शहरांतून आतां पुष्कळ उणावली असली, तरी ती नाहींशी झालेली नाहीं. आणि ज्या घरीं वर्षाचें भरत नाहींत, त्या घरींहि दोन-तीन महिन्यांचें सामान फळीवर असतेंच. ही साठवण कशी करावी, धान्याला एरंडेल चोळावें कीं डब्यांत कडुनिंबाचा पाला घालावा, हें सांगणारीं वडील माणसें अजून घरोघर आहेत. ती रिती कशी करावी, हें मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. आजच्या भाषणांत मी ह्या दुसऱ्या प्रश्नाविषयीं बोलणार आहें. आणि हें केवळ भगिनींना उद्देशून नाहीं. वाणसामान फोनवरून मागविणारा हात हल्लीं पुष्कळदां घरांतल्या पुरुषाचा असतो.

ह्या विषयाकडे मी वळलें, तें एका नुकसानीमुळें. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं पन्नास किलो गहूं घेतले. पत्र्याच्या कोठींत तळाशीं मागल्या वर्षाचे दोन-अडीच किलो उरले होते. जुने काढून घेऊन, कोठी पुसून, मग नवे ओतावे, एवढा धीर त्या वेळीं झाला नाहीं. हमाल दाराशीं पोतें घेऊन उभा होता. नवे गहूं जुन्यांवर ओतले गेले. श्रावणांत एके दिवशीं कोठींत हात घातला, तों धान्य कोमट लागलें. चाळणीखालीं पांढरें पीठ पडलें आणि त्या पिठांत टोके चालूं लागले. चाळलें, उन्हांत घातलें, निवडलें. तरी जवळजवळ तिसरा हिस्सा टाकून द्यावा लागला. दुकानदाराला दोष देणें सोपें होतें, आणि मीं तो मनसोक्त दिलाहि. पुढें कळलें, कीं त्याच दिवशीं त्याच पोत्यांच्या राशींतून शेजारीं घेतलेले गहूं अगदीं स्वच्छ होते. शेजारच्या बाईंनीं कोठी आधीं रिकामी केली होती.

तळच्या दोन किलोंनीं वरचे पन्नास कसे बिघडविले, हें समजून घेण्याजोगें आहे. ज्याला कोणी टोका म्हणतात, कोणी पोरकिडा, कोणी सोंडा, तो बारीक तपकिरी किडा आपल्या सोंडेनें दाण्याला भोंक पाडतो. मादी त्या भोंकांत एक अंडें घालते आणि वर चिकट द्रवाचें बूच बसविते. बाहेरून दाणा धडधाकट दिसतो. आंत अळी दाण्याचा गर खाऊन वाढते, कोष करते, आणि किडा होऊन दाणा फोडून बाहेर येते. आपल्याकडच्या उष्ण आणि दमट हवेंत हा सर्व प्रकार महिन्या-सव्वा महिन्यांत पुरा होतो, आणि एक मादी आपल्या आयुष्यांत ३०० च्या आसपास अंडीं घालूं शकते. वैशाखांत भरलेल्या कोठींत श्रावणापर्यंत तीन पिढ्या सहज होतात. किड्यांच्या श्वासोच्छ्वासानें धान्य तापतें आणि ओलसर होतें. ती ऊब व ओल किड्यांना अधिकच मानवते. माझ्या हाताला लागलेला कोमटपणा तो हाच. तेव्हां कोठीच्या तळाशीं राहिलेली ओंजळ, झाकणाच्या कांठाखालीं अडकलेले चार दाणे, सांध्यांत बसलेला भुसा, ह्यांना उरलेलें धान्य न म्हणतां विरजण म्हणणें अधिक बरोबर होईल.

जुनें संपविल्यावांचून नवें आणूं नये, ह्या सांगण्यांत काटकसर तर आहेच. पण नव्या धान्याचें रक्षण हा त्याचा पहिला हेतु आहे. माझ्या आजीच्या घरीं हें कोणी समजावून सांगत नसे, कारण तें आपोआप घडे. फाल्गुन लागला, कीं तिच्या स्वयंपाकाचें वळण बदले. ताटांत रोज कांहींतरी मिसळीचें येऊं लागे: आज मूग-मसुरांची एकत्र आमटी, उद्यां तांदूळ आणि उडदाच्या चुऱ्याचीं धिरडीं, परवां थालीपीठ. आम्हां मुलांना ती चंगळ वाटे. ती वस्तुतः डबे रिकामे करीत होती. थालिपिठाची भाजणी ही मुळांत अशाच उरल्यासुरल्या धान्यांतून निघाली असावी, असें माझें मत आहे. तांदूळ, ज्वारी, बाजरी, गहूं, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने हें सारें थोडें थोडें एकाच वेळीं घरांत असण्याचा दुसरा प्रसंग कोणता? मेतकूट आणि सातूचें पीठ हींहि त्याच घराण्यांतलीं. पाडव्यापर्यंत तिच्या कोठ्या आडव्या पडून उन्हें खात असत.

‘बेगमी’ हा आपला शब्द फारसी ‘बे-गम’ ह्यापासून आलेला आहे; चिंता नसणें हा त्याचा मूळ अर्थ. पावसाळ्यांत वाटा बंद होत, सुगींत भाव उतरलेला असे आणि वाळवणाला ऊन तेवढेंच मिळे. म्हणून चार महिन्यांची चिंता आधींच मिटवून ठेवावी लागे. पुढें चिंतेचें रूप बदललें. मुंबईंत १९४३ च्या मे महिन्यांत धान्याचें रेशनिंग सुरू झालें. त्या काळीं गिरगांवांतल्या चाळींत संसार केलेल्या आजीच्या हातून पुढें मूठभर तांदूळहि कधीं फेंकला गेला नाहीं. पण रेशनिंग उठून कित्येक वर्षें लोटल्यावरहि, भाव वाढणार अशी कुजबुज कानीं आली कीं ती दोन किलो साखर अधिक आणवी. त्या भीतीला आम्ही हंसत असूं. मग २०२० सालचा मार्च महिना आला. देशभर टाळेबंदी जाहीर झाली त्या रात्रीं मींच दहा किलो तूरडाळ आणि सहा किलो रवा मागविला, आणि त्यांतला निम्मा रवा जाळी लागून गेला. भीतीनें भरलेल्या साठवणीचें असें होतें, कीं ती कशासाठीं भरली तें आठवतें, पण ती केव्हां खावयाची हें ठरलेलें नसतें.

आजच्या घरांत आणखी एक अडचण आहे. पूर्वीं कोठीघराचा हिशेब एकाच बाईच्या डोक्यांत असे. आतां आमच्या घरीं तिघेजण तीन फोनांवरून सामान मागवितात. गेल्या माघांत कपाट उपसलें, तेव्हां पोह्यांच्या तीन पिशव्या निघाल्या, तिन्ही फोडलेल्या; साबुदाण्याच्या चार, कारण प्रत्येक एकादशीला घरांत साबुदाणा नसल्याची समजूत होती. एकावर एक फुकट मिळालेल्या वस्तूंची गोष्ट मी काढीत नाहीं. वर्षाच्या धान्यांतली बचतसुद्धां तपासून पाहावी. समजा, एकदम घेतल्यानें किलोमागें चार रुपये वांचले, तर पन्नास किलोंवर दोनशें रुपये झाले. त्यांतले चाळीस रुपये भावाचे सहा किलो टाकून दिले, तर दोनशें चाळीस गेले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानें २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें २०२२ ह्या एका वर्षांत जगांत सुमारें १०५ कोटी टन अन्न, सालीं-देंठ धरून, वाया गेलें; आणि त्यांतला सुमारें ६० टक्के भाग घराघरांतला होता. हॉटेलें आणि दुकानें ह्यांचा क्रम आपल्यामागून लागतो.

आतां कोणती वस्तु आधीं संपवावी हें पाहूं. सर्व पदार्थ सारख्या वेगानें जुने होत नाहींत. तांदूळ तर जुना होऊन सुधारतो. वर्षभर मुरलेला दाणा पाणी अधिक घेतो, अधिक फुगतो आणि भात मोकळा होतो. नव्या तांदळाचा भात चिकट होतो, म्हणून मोदकाच्या पिठीला तो बरा. तेव्हां जुना तांदूळ आधीं शिजविण्यांत त्याग कांहींच नाहीं. अखंड गहूं कोरडा असेल तर वर्ष काढतो. पण तोच दळला, कीं कोंड्यांतल्या आणि अंकुरांतल्या स्निग्धांशाला हवा लागते आणि पीठ महिन्या-दीड महिन्यांत कडवट होऊं लागतें. म्हणून पीठ, रवा, बेसन ह्यांचा क्रम पहिला. त्यांच्याबरोबरीनें खोबरें, शेंगदाणे, तीळ आणि फोडलेलें तेल. हीं खवट व्हावयास वेळ लागत नाहीं.

कडधान्यांचें मात्र जरा विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण तीं टिकतात अशी आपली फार खात्री असते. मूग, मटकी, चवळी, हरभरा ह्यांच्यावर पांढरे ठिपके दिसले, तर तीं भुंग्याचीं अंडीं समजावींत. हा भुंगा अंडीं दाण्याच्या सालीवर चिकटवितो. अळी थेट आंत शिरते आणि महिन्याभरांत वाटोळें भोंक पाडून किडा बाहेर पडतो. तेलाचा पातळ हात फिरविलेला असला, तर अंडीं नीट चिकटत नाहींत आणि त्यांना हवाहि मिळत नाहीं. एरंडेल चोळण्याच्या चालींत हें शास्त्र आहे. पण भुंग्यापासून वांचलेलें कडधान्यहि म्हातारें होतेंच. उष्ण आणि दमट जागीं फार काळ राहिलें, कीं दाण्याच्या पेशींना जोडून धरणारें पेक्टिन शिजतांना सहजासहजीं विरघळत नाहीं, आणि कुकरच्या कितीहि शिट्या झाल्या तरी दाणा टणक राहतो. अशा जुन्या कडधान्याला भिजवितांना थोडें मीठ किंवा चिमूटभर खाण्याचा सोडा घातला, तर उपयोग होतो. डाळ शिजली नाहीं म्हणून सुनेवर ठपका ठेवणाऱ्या सासवांनीं आधीं डाळीचें वय विचारावें.

लाल तिखटाचा रंग वर्षाच्या आंत उतरतो, दळलेल्या मसाल्याचा वास त्याहून लवकर. ते बिघडले असें होत नाहीं, पण चिमटीचे दोन चिमटे घालावे लागतात. लोणचें आणि चिंच ह्यांची घाई नाहीं.

आमच्या घरीं हल्लीं अशी वहिवाट ठेविली आहे. माघाच्या अखेरीस सर्व डबे एकदां ओट्यावर येतात. काय किती आहे तें एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आंतून लावितों. त्यानंतर एक महिना दूध, भाजी, फळें आणि खरोखरच संपलेली वस्तु एवढेंच विकत आणावयाचें. कागदावर जें आहे तें खोडल्यावांचून त्याची दुसरी पिशवी आणावयाची नाहीं. पहिल्या आठवड्यांत हें सोपें जातें, दुसऱ्यांत गंमत वाटते, तिसऱ्यांत कुरकुर सुरू होते. त्या वेळीं भाजणी उपयोगीं पडते. रिकामी कोठी धुऊन, पुसून, सांधे कुंच्यानें झाडून दोन दिवस कडक उन्हांत ठेवावी. नवें धान्यहि उन्हांत घालावें, पण तें पूर्ण निवल्यावांचून भरूं नये. गरम धान्यावर झाकण घातलें, तर आंत वाफ धरते आणि सारें वाळवण फुकट जातें. जुनें थोडें राहिलेंच, तर त्याला निराळा डबा द्यावा, त्यावर महिना लिहावा आणि तो फळीवर पुढें ठेवावा. रवा-बेसन पंधरा दिवस पुरेल इतकेंच घ्यावें. अधिक आलेंच, तर नीट बांधून चार दिवस बर्फाच्या खणांत ठेविलें असतां आंतलीं अंडीं मरतात.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. संपविणें म्हणजे वाटेल तें पोटांत ढकलणें नव्हे. बुरशी आलेले शेंगदाणे किंवा मका निवडून, धुऊन, भाजून खाऊं नये; बुरशींत उत्पन्न होणारें अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष यकृताला घातक आहे आणि आपल्या नेहमींच्या शिजविण्या-भाजण्यानें तें नष्ट होत नाहीं. खवट तेल कणकेंत मुरवून काटकसर साधत नाहीं. पाकिटावरच्या तारखांतहि भेद आहे: ‘बेस्ट बिफोर’ ही तारीख चवीची व गुणाची असते, ती उलटलेला पदार्थ पाहून, हुंगून ठरवितां येतो, ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ ही सुरक्षिततेची, ती उलटल्यावर विचार करूं नये. आणि औषधांचा डबा तर ह्या सर्व हिशेबाच्या बाहेर ठेवावा. मागच्या दुखण्यांत उरलेल्या गोळ्या वाया जाऊं नयेत म्हणून दुसऱ्या दुखण्यांत घेणारे सुशिक्षित लोक माझ्या पाहण्यांत आहेत.

यंदाच्या महिन्याचा शेवटचा आठवडा चालू आहे. काल रात्रीं आमच्या कागदावर खोडावयाचें राहिलें होतें तें असें: अर्धा किलो वरई, वाटीभर राजगिरा, दोन मुठी मटकी आणि कोणी केव्हां आणला हें कोणालाहि न आठवणारा एक पुडा बार्ली. मटकी भिजत घातली आहे. बार्ली दळून भाजणींत जाईल. वरईवरून मात्र मतभेद आहे; माझ्या मतें ती उपासाच्या दिवसासाठीं ठेवावी, एकादशीला अजून सहा दिवस आहेत, आणि सूनबाईचें म्हणणें असें, कीं वरईचा भात उपास नसतांनाहि खातां येतो. गव्हाची कोठी परवांच रिकामी झाली. ती गच्चीवर आडवी पडली आहे.