टाच टेकत नसेल, तर…

मूल चवड्यांवर चालताना दिसलं की घरात दोन मतं पडतात. आजी म्हणते, “चालू दे, पोरं अशीच चालत्यात.” आई रात्री मोबाइलवर आजारांची नावं शोधत बसते. खरं कुणाचं, हे मुलाचं वय आणि काही खुणा सांगतात.

नुकतं चालू लागलेलं मूल काही महिने चवड्यांवर चाललं, तर त्यात वावगं नाही. स्वीडनमध्ये १,४०० हून अधिक मुलांची पाहणी झाली. त्यांतली सुमारे ५ टक्के मुलं कधी ना कधी अशी चालली होती. निम्म्याहून अधिक जणांची सवय साडेपाच वर्षांच्या आत सुटली. तिसरं वर्ष उलटूनही टाच टेकत नसेल, तर मात्र तपासणी हवी.

काही खुणा दिसल्या, तर वयाची वाटही पाहू नये. एकाच पायाची टाच उचललेली राहणं, आधी नीट चालणारं मूल मध्येच चवड्यांवर येणं, पाय ताठ असणं. जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात रोवावे लागत असतील आणि पोटऱ्या फुगीर दिसत असतील, तर स्नायूंच्या आजाराची शंका घ्यावी लागते, विशेषतः मुलग्यांत. बोलणं मागे पडलं असेल, नजरेला नजर मिळत नसेल, तर स्वमग्नतेची तपासणी करावी.

डॉक्टर गुडघा सरळ ठेवून पाऊल वर किती वळतं ते पाहतात. ते सहज वळत असेल, तर पोटरीचे ताण देणारे व्यायाम, टाच टेकवून उकिडवं बसणं आणि लक्ष ठेवणं एवढ्यावर भागतं. टाचेमागची शीर आखडली असेल, तर काही आठवडे बदलत जाणारं प्लास्टर किंवा पायाला आधारपट्टी लागते. शस्त्रक्रिया अगदी शेवटी. चाकांच्या वॉकरमध्ये मूल चवड्यांनी जमीन ढकलतं आणि अपघातही होतात. तो घरात नकोच.

तासगावच्या पालकांना पहिल्या तपासणीसाठी लांब जायची गरज नाही. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुलं मोफत तपासतं. पुढच्या उपचारांसाठी सांगली-मिरजेची सरकारी रुग्णालयं आहेत. द्राक्षबागेच्या हंगामात पालकांना सवड नसते, हे खरं. तरीही पथक येण्याचा दिवस अंगणवाडीताईंना विचारून ठेवा आणि मूल घरी कसं चालतं, हे डॉक्टरांना स्वतः सांगा.