भरला माठ, भरले कोठार

दिवाळीची साफसफाई म्हणजे काय टाकावे आणि काय ठेवावे, ह्याची परीक्षाच! तोच प्रश्न आता टेबलावरचा संगणकही विचारू लागला आहे. मी मराठीचा प्राध्यापक. पण आमच्या प्राध्यापक-कक्षात हल्ली संधि-समासांपेक्षा ‘जागा शिल्लक नाही’ ह्या सूचनेचीच चर्चा अधिक.

परवा एक सहकारी म्हणाले, “मेमरी ७० टक्के भरलेली दिसते जी, सर! यंत्र गेलं समजा.”

मी म्हटले, “उन्हाळ्यात घरचा माठ भरलेला दिसला, तर घाबरता काय?”

नागपूरकराला हा दृष्टान्त सांगावा लागत नाही. आपले पाणी पेंच धरणातून येते. पण तहान लागली म्हणून कोणी पेंचवर जात नाही, माठाकडे जातो. डिस्क हे दूरचे धरण, मेमरी हा माठ. एकदा उघडलेली माहिती पुन्हा लागेल, अशा होऱ्याने यंत्र ती मेमरीत राखून ठेवते. हीच कॅश. चालू कामाला जागा हवी झाली, की यंत्र ही साठवण आपणहून सोडते. चालू कामांनीच मेमरी भरली, तर काही कामे बंद करावीत. पण केवळ आकडा कमी दिसावा म्हणून कॅश पुसणे म्हणजे भरला माठ अंगणात ओतणे.

डिस्कची गोष्ट निराळी. ते कोठार काठोकाठ भरले, तर नव्या अपडेटला पाय ठेवायला जागा उरत नाही. मोठ्या अपडेटनंतर विंडोजची जुनी प्रत माघारी फिरण्याची सोय म्हणून साधारण १० दिवस राहते. मग यंत्रच ती काढते. घाई असेल, तर सेटिंग्जमधून काढावी. यंत्राची फोल्डरे हाताने पुसू नयेत.

आणि अपडेट पुढे ढकलले, तर काय बिघडते? मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधले एक भोक बुजवणारे अपडेट दिले. अनेकांनी ते घेतले नाही. त्याच भोकातून मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ जगभर पसरला. जूनमधल्या ‘नॉटपेट्या’च्या हत्यारांतही ते भोक होतेच, त्या तडाख्यात आपल्या न्हावा-शेव्याच्या बंदरातील एका टर्मिनलचे काम अडले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला, तेव्हा जुन्या यंत्रांच्या मालकांनी तर अधिकच सावध राहावे.

माझ्या संगणकात विद्यार्थ्यांनी गावोगाव हिंडून जमवलेल्या झाडीबोलीतल्या म्हणी आहेत. सांगणाऱ्या कित्येक म्हाताऱ्या आज हयात नाहीत. ते शब्द पुन्हा कोणाला विचारणार? म्हणून माझा क्रम ठरलेला आहे : आधी महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर, मग कोठारातली अडगळ बाहेर, मग अपडेट. माठाला मात्र मी हात लावीत नाही.