ऑर्डर दिल्यानंतरचा अर्धा तास

चंदीगडच्या विमानतळाजवळ, मोहालीच्या हद्दीत, ‘गमाडा’ या विकास प्राधिकरणाने एयरोसिटी ही वसाहत आखली. रविवारी रात्री या भागातल्या कुठल्याही भरलेल्या पंजाबी हॉटेलात डोकावलं तर एक गोष्ट हमखास दिसते. दाल मखनी आधीपासून शिजत असते. पण रोट्या आणि टिक्के तंदुरात लागतात ते ऑर्डर गेल्यावरच. मोठी माणसं तोवर गप्पा मारतात. तीन वर्षांचं मूल आधी मीठदाणी उपडी करतं, मग टेबलाखाली शिरतं, आणि अखेर आई-बाबांपैकी कुणाचा तरी हात मोबाइलकडे जातो. पुण्या-ठाण्यातही याहून वेगळं काही घडत नाही.

अशा मुलाला हट्टी ठरवून मोकळं होणं हा त्याच्यावर अन्याय आहे. पोटात भूक, झोपेची वेळ जवळ आलेली, पाय जमिनीला टेकत नाहीत आणि हाताला काम नाही. या अवस्थेत अर्धा तास गप्प बसणं मोठ्यांनाही जड जाईल.

हा रिकामा वेळ व्यापाऱ्यांनी फार पूर्वी हेरला. ‘अटारी’ या व्हिडिओ गेम कंपनीचे एक संस्थापक नोलन बुशनेल यांनी 1977 साली कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमध्ये पिझ्झाचं हॉटेल काढलं आणि त्यात खेळांची यंत्रं मांडली. पिझ्झा भाजून होईपर्यंत मुलं खेळत राहिली, नाणी पडत राहिली. मॅकडोनाल्ड्सने 1979 मध्ये अमेरिकेत खेळण्यासकट ‘हॅपी मील’ आणलं. भारतात ही कंपनी आली 1996 मध्ये. त्याच्या कितीतरी आधी दिल्लीत ‘निरुलाज’ चांगले गुण मिळवलेल्या मुलांना प्रगतिपुस्तक बघून फुकट आइस्क्रीम देत असे. त्या पिढीतले दिल्लीकर आजही ते कौतुकाने सांगतात.

आपल्याकडे यावरचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे मोकळी जागा. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावर गुरेघरला मॅप्रो गार्डन आहे. तिथे सँडविच आणि स्ट्रॉबेरी क्रीम येईपर्यंत मुलं खेळायच्या जागेत असतात आणि पालक निवांत बसतात. पुण्याजवळ वाघोलीच्या चोखी ढाणीत जेवणाआधी कठपुतळ्या, जादूचे प्रयोग आणि उंटाची सफर असते. अशीच चोखी ढाणी चंदीगडशेजारी पंचकुलातही आहे. शहरातल्या चिंचोळ्या हॉटेलांना एवढी जागा कुठून मिळणार? पण जेवणाआधी मुलांना बाहेर पळवून आणणं प्रत्येकाला जमतं. चंदीगडला त्यासाठी सुखना तलावाचा काठ आहे आणि जवळच नेकचंद यांचं रॉक गार्डन. 1976 मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या या बागेत फुटक्या कपबश्या, बांगड्या आणि फरश्यांचे तुकडे जोडून माणसं, प्राणी घडवलेले आहेत. तासभर तिथे हुंदडलेलं मूल टेबलाशी आलं की खरोखर टेकतं.

मोबाइलबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं की पहिल्या दोन वर्षांत मुलांनी पडद्यासमोर बसूच नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही जवळपास हाच आहे. जेवताना तर तोटा दुहेरी. मूल पडद्याकडे बघत तोंड उघडतं, घास गिळतं. काय खाल्लं आणि पोट कधी भरलं याकडे त्याचं लक्षच नसतं. थकलेल्या आई-बाबांना दोष द्यायचा नाही, पण हॉटेलात बसल्याबसल्या पहिला उपाय म्हणून मोबाइल काढू नये, एवढं नक्की.

त्याऐवजी काय? मुलाला कामाला लावावं. ताटं किती हवीत ते मोजणं, चमचे वाटणं, काकांकडे पाणी मागणं, रोटी साधी की बटर लावलेली हे स्वतः सांगणं: चार वर्षांच्या मुलाला यात केवढी ऐट वाटते! एखाद्या कागदावर फुली-गोळा मांडता येतो. आणि टेबलासाठीच जन्माला आल्यासारखा एक खेळ घरोघरी आहे. सगळ्यांनी एकेक बोट टेबलावर ठेवायचं. चिमणी उड, बोटं वर. कावळा उड, बोटं वर. म्हैस उड म्हटल्यावर ज्याचं बोट उचललं गेलं तो बाद. पंजाबातली मुलंही हाच खेळ खेळतात. एयरोसिटीत तर खिडकीतून विमान दिसलं की त्याचंही नाव यादीत घालता येतं.

मनोरंजनाच्या नावाखाली जे टेबलावर येतं त्यावर नजर ठेवावी लागते. तोंडातून धूर काढणारी बिस्किटं मुलांना फार आवडतात. तो धूर द्रव नायट्रोजनचा असतो आणि नायट्रोजन पूर्ण उडून गेलेला नसेल तर तोंड, घसा, पोट यांना गंभीर इजा होते. 2024 च्या एप्रिलमध्ये कर्नाटकातल्या दावणगेरेत असं बिस्किट खाल्लेला मुलगा वेदनेने कळवळतानाचा व्हिडिओ देशभर फिरला. पाठोपाठ तामिळनाडूच्या अन्नसुरक्षा विभागाने असे पदार्थ धुरासकट देण्यावर कडक निर्बंध घातले. साधे मसाला शेंगदाणेही चार वर्षांखालच्या मुलांच्या घशात अडकू शकतात. धगधगता सिझलर मुलाच्या हाताला लागेल असा ठेवू नये, आणि वेटरांच्या येण्या-जाण्याच्या वाटेवरचं टेबल घेऊ नये.

उत्तरेत रात्रीची जेवणं उशिरा होतात. नऊच्या गर्दीऐवजी सातला पोहोचलं तर तंदूर मोकळा असतो आणि जेवण लवकर येतं. बसल्याबरोबर मुलासाठी दही, साधा पराठा असं पटकन होणारं काहीतरी मागवावं; मोठ्यांनी मेनूकार्ड मग सावकाश वाचावं. फोनवर टेबल राखताना लहान मुलांची उंच खुर्ची आहे का, हेही विचारून घ्यावं.