तेलाचे माप

पावसाळा सरत आला की कोकणातील आंबा-काजूच्या बागांतून गवत कापणाऱ्या यंत्रांची घरघर ऐकू येऊ लागते. खांद्याला अडकवलेल्या या यंत्राचे एंजिन पुष्कळदा द्विआघाती, म्हणजे टू-स्ट्रोक असते. त्याला वंगणाचे निराळे कुंड नसते, म्हणूनच ते कसेही कलते केले तरी चालते. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेलच दट्ट्याला आणि बेअरिंगांना वंगण पुरविते, आणि मग जळून धुरावाटे निघून जाते.

५० ला १ म्हणजे लिटरभर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल. २५ ला १ म्हणजे ४०. जुन्या मिस्त्र्यांचा ओढा दुसऱ्या मापाकडे असतो. साध्या खनिज तेलांच्या काळात ते माप रास्तही होते. परंतु तेले सुधारली. डब्यावर जासो एफडी हा दर्जा छापलेला असेल, तर आजची बहुतेक यंत्रे ५० ला १ या प्रमाणावर निर्धास्त चालतात. यंत्राच्या पुस्तिकेत निराळे माप असल्यास अर्थातच तेच पाळावे. मासेमारीच्या होडीवरील एंजिनाचे तेल मात्र येथे चालत नाही. ते पाण्याने थंड होणाऱ्या एंजिनासाठी केलेले असते आणि हे एंजिन थंड होते केवळ वाऱ्याने.

तेल थोडे अधिक पडले तर बिघडले कुठे, असे पुष्कळांना वाटते. धूर वाढतो, धुराड्यात काजळी धरते, हे तर दिसतेच. न दिसणारी गोष्ट अधिक घातक आहे. कार्बुरेटरच्या बारीक छिद्रातून ठरावीकच द्रव जातो. त्यात तेलाचा वाटा वाढला की पेट्रोलचा घटतो, हवा त्या मानाने जास्त होते आणि एंजिन तापते. वंगण वाढवूनही दट्ट्या अडकण्याचा धोका उरतो तो असा. माप बदलले की कार्बुरेटरही नव्याने जुळवावा लागतो.

महागडे, जास्त ऑक्टेनचे पेट्रोल पुस्तिकेने मागितले नसेल तर त्याने बळ वाढत नाही. खरी काळजी इथेनॉलची. २०२५ पर्यंत देशभरच्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल रूढ झाले. पुष्कळ पुस्तिका मात्र १० टक्क्यांपर्यंतच मुभा देतात. विक्रेत्याला याविषयी स्पष्ट विचारलेले बरे. इथेनॉल दमट हवेतील पाणी ओढून घेते. पाणी फार झाले की दोन्ही मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाशी बसतात. त्या थरात तेल जवळजवळ नसतेच, आणि एंजिनाकडे जाणारी नळी तर तळातूनच ओढते!

म्हणून मिश्रण आठवड्यापुरतेच करावे, तेही टाकीत नव्हे, स्वच्छ डब्यात. आधी निम्मे पेट्रोल, मग मापाच्या पेल्याने तेल. झाकणाच्या अंदाजाने कधीच नव्हे. हलवून उरलेले पेट्रोल घालावे आणि पुन्हा हलवावे. हंगाम संपला की टाकी रिकामी करून एंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे. म्हणजे कार्बुरेटरात शिळे मिश्रण उरत नाही.