परिपाठात विद्यार्थी चक्कर येऊन पडला तर? उचलून बसवू नका, आडवे झोपवा!

सकाळचा परिपाठ सुरू असतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा होते आणि सुविचार सुरू असतानाच नववीच्या रांगेतली मुलगी कोसळते. भोवती गर्दी जमते. कोणी तिला उचलून खुर्चीत बसवतो, कोणी तोंडात पाणी घालतो. हेतू चांगला असला, तरी या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

चक्कर का येते?

बराच वेळ एका जागी उभे राहिल्यास रक्त पायांत साचते. त्यात ऊन, उपाशी पोट किंवा कमी पाणी यांची भर पडली, की काहींच्या हृदयाचे ठोके मंदावतात आणि रक्तदाब झपकन उतरतो. मेंदूला काही क्षण रक्त कमी पडते. इंजेक्शनच्या किंवा रक्त दिसण्याच्या भीतीनेही असे होते. याला 'व्हॅसोव्हॅगल सिंकोप' म्हणतात. किशोरवयात शुद्ध हरपण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. आडवे होताच मेंदूला रक्त मिळते आणि बहुतेक मुले मिनिटभरात शुद्धीवर येतात. म्हणूनच लगेच उठवून बसवणे घातक ठरू शकते.

लगेच काय करावे?

• उताणे झोपवून पाय उंच ठेवा. गर्दी हटवा, टाय-बेल्ट सैल करा.
• पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात काहीही घालू नका. कांदा, चप्पल हुंगवू नका.
• शुद्ध आल्यावरही १० ते १५ मिनिटे झोपू द्या. मग आधी बसवा, नंतर उभे करा.
• दोन मिनिटांत शुद्ध न आल्यास किंवा डोक्याला मार लागल्यास १०८ वर फोन करा. श्वास थांबला असल्यास तत्काळ सीपीआर सुरू करा.

पडणे टाळता येते?

अनेकदा येते. डोळ्यांपुढे अंधारी, घाम, मळमळ ही पूर्वसूचना असते. तेव्हा लगेच खाली बसावे. ते शक्य नसेल, तर पायांची कैची करून मांड्या आवळाव्यात, मुठी घट्ट मिटाव्यात. घरून नाश्ता करून, पाणी पिऊन निघावे.

मात्र 'नाटक करतेस' असे ऐकावे लागेल या धास्तीने मुले रांगेत तशीच उभी राहतात. 'अंधारी आली, तर न विचारता खाली बसा' एवढी सूचना शाळेने दिली, तरी अनेकांचे पडणे टळेल. त्याला एक रुपयाही खर्च नाही.

दुर्लक्ष कधी करू नये?

पहिल्यांदा चक्कर येऊन पडल्यास डॉक्टरांना दाखवावेच. धावताना शुद्ध हरपली, आधी छातीत दुखले किंवा धडधडले, अथवा कुटुंबात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर हृदयाची तपासणी आणि ईसीजी तातडीने करावा. तोपर्यंत खेळाच्या तासाला सुट्टी द्यावी.