औषध पोहोचलं, रिसेप्टर कुठे आहे?

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिच्यातल्या काही पेशी प्रोलॅक्टिन हे संप्रेरक तयार करतात आणि वरून येणारं डोपामीन त्यांना सतत आवर घालत असतं. याच पेशींची गाठ झाली, तर प्रोलॅक्टिन बेसुमार वाढतं. बाईची पाळी थांबते, बाळंतपण नसताना दूध येतं. पुरुषांची कामेच्छा मंदावते. गाठ वाढली तर नजरेवरही परिणाम होतो. ही गाठ असूनही पहिला उपचार मात्र शस्त्रक्रियेचा नाही, गोळीचा आहे. ब्रोमोक्रिप्टीन किंवा कॅबरगोलीन ही औषधं डोपामीनची नक्कल करतात, पेशींना पुन्हा लगाम बसतो आणि बहुतेक रुग्णांची गाठ आकसते.

काही रुग्णांची मात्र आकसत नाही. गोळी तीच, गाठ त्याच जातीची, तरी प्रोलॅक्टिन हटत नाही. असं का होतं?

डोपामीनच्या संशोधनाची सुरुवात नेमक्या उलट्या प्रश्नाने झाली होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेच्या मुळांचा रक्तदाबावरचा उपयोग मांडला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचं लक्ष या वनस्पतीकडे वळलं. पुढे 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पीन वेगळं काढण्यात आलं. हे रेसर्पीन टोचलं की प्राणी निपचित पडत. स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी 1957 मध्ये अशा सशांना एल-डोपा दिलं आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. एल-डोपापासून शरीर डोपामीन बनवतं. म्हणजे सशांच्या मेंदूत डोपामीनच संपलं होतं. या कामासाठी कार्लसन 2000 च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

सशांमध्ये निरोपच नाहीसा झाला होता. गोळीला दाद न देणाऱ्या गाठीत निरोप भरपूर असतो; तिथे शोधावा लागतो तो निरोप घेणारा, म्हणजे रिसेप्टर.

डोपामीनचे रिसेप्टर पाच प्रकारचे आहेत, डी-1 ते डी-5. पीयूषिकेतल्या या पेशींवर महत्त्वाचा असतो तो डी-2. हे प्रथिन पेशीपटलातून सात वेळा आरपार जातं. त्याचा बाहेरचा भाग डोपामीनला भेटतो आणि आतल्या बाजूला त्याचे फास लोंबतात. त्यांपैकी तिसरा फास बराच लांब आहे. निरोप पेशीत पोहोचवणारी प्रथिनं इथे येऊन मिळतात; रिसेप्टरला जागेवर धरणारी प्रथिनंही इथेच चिकटतात. धरून ठेवावं लागतं, कारण रिसेप्टरचा मुक्काम कायमचा नसतो. तो पेशीच्या आत तयार होतो, पटलापर्यंत आणला जातो, पुन्हा आत ओढला जातो आणि शेवटी लायसोसोममध्ये मोडीत निघतो. कोणत्याही क्षणी पटलावर किती रिसेप्टर हजर आहेत, यावर पेशीचं उत्तर ठरतं.

ही हजेरी सांभाळण्यात पेशीच्या सांगाड्याचा हात आहे. पेशीला आकार देणारं हे तंतूंचं जाळं अखंड बांधलं आणि मोडलं जात असतं. त्यातले सर्वांत बारीक तंतू अ‍ॅक्टिनचे, साधारण 7 नॅनोमीटर जाडीचे. अ‍ॅक्टिनच्या तंतूंना एकमेकांशी जोडणारं फिलामिन हे मोठं प्रथिन जॉन हार्टविग आणि थॉमस स्टॉसल यांनी 1975 मध्ये सशाच्या फुप्फुसातल्या भक्षक पेशींमधून वेगळं केलं. त्याचे दोन रेणू एका टोकाला जोडलेले असतात आणि मोकळ्या टोकांनी सांडशीसारखे अ‍ॅक्टिनला पकडतात.

योगायोगाने संशोधकांच्या हाती त्वचेच्या कर्करोगाच्या अशा पेशी लागल्या, ज्यांत फिलामिन-ए जवळजवळ नव्हतंच. त्यांच्या पटलाला सतत फुगे येत आणि त्यांना धड सरकताही येत नसे. फिलामिनचा जीन आत घातला की त्या सावरत. हे 1992 मध्ये प्रसिद्ध झालं आणि तुलनेसाठी एक नामी जोडी मिळाली: एकाच वंशाच्या पेशी, एकीत फिलामिन आहे, दुसरीत नाही.

मेंदूच्या संशोधकांनी हीच जोडी वापरली. डी-2 ला कोणकोणती प्रथिनं चिकटतात हे यीस्टच्या पेशींत तपासताना फिलामिन-ए सापडलं होतं. 2000 आणि 2001 मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी त्यावरचे निष्कर्ष छापले. दुसऱ्या गटात येल विद्यापीठाच्या पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच होत्या. फिलामिन असलेल्या पेशींत डी-2 पटलावर दिसला. फिलामिन नसलेल्या पेशींत तो बहुतांशी आतच अडकून पडला होता.

पाठोपाठ आणखी नावं पुढे आली. लाल रक्तपेशींच्या सांगाड्यातल्या प्रथिनाचं चेतापेशींतलं भावंड, 4.1-एन, डी-2 आणि डी-3 यांना पटलावर राहायला मदत करतं, हे 2002 मध्ये दिसलं. त्याच वर्षी डी-1 बद्दल उलटी गोष्ट कळली. न्यूरोफिलामेंट-एम हे चेतापेशींच्या मध्यम जाडीच्या तंतूंमधलं प्रथिन डी-1 सोबत पेशींत घातलं, तर पटलावरचे रिसेप्टर निम्म्याहून कमी झाले. बाकीचे आत रोखले गेले. तेव्हा सांगाडा नुसता आधार देत नाही. कुणाला पुढे ठेवायचं आणि कुणाला मागे, हेही त्याच्या हाती असतं.

गाठीच्या कोड्याचं एक उत्तर 2012 मध्ये मिलानहून आलं. तिथल्या संशोधकांनी शस्त्रक्रियेतून मिळालेल्या गाठी तपासल्या, तेव्हा गोळीला दाद न देणाऱ्या गाठींत फिलामिन-ए कमी आढळलं. मग त्यांनी दाद देणाऱ्या पेशींतलं फिलामिन मुद्दाम दाबलं. डी-2 निम्म्याहून अधिक घटला आणि औषध निष्प्रभ झालं. उलट, हट्टी पेशींत फिलामिन घातल्यावर डी-2 परतला आणि प्रोलॅक्टिनवर औषधाचा परिणामही दिसू लागला. फिलामिन नसलं की रिसेप्टर लायसोसोमकडे जाऊन नष्ट होतो, असाही पुरावा त्यांना मिळाला.

प्रयोगशाळेतलं हे यश रुग्णापर्यंत नेणं सोपं नाही. फिलामिन-ए जवळपास सगळ्या शरीरात काम करतं. एक्स गुणसूत्रावरचा त्याचा जीन बिघडला तर गर्भाच्या मेंदूतल्या चेतापेशी ठरलेल्या जागी पोहोचत नाहीत आणि पुढे अपस्माराचे झटके येऊ शकतात, हे 1998 पासून माहीत आहे. इतक्या ठिकाणी गुंतलेलं प्रथिन फक्त पीयूषिकेतल्या गाठीत कसं वाढवायचं, हा त्यामुळे वेगळाच प्रश्न होऊन बसतो. गोळी लागू न पडलेल्या रुग्णाचे डॉक्टर सध्या तरी मात्रा वाढवून पाहतात, औषध बदलतात, शस्त्रक्रियेचा किंवा क्वचित किरणोपचाराचा सल्ला देतात.