रक्ताचं कल्चर : रिपोर्टला दोन दिवस का लागतात?

गटांच्या बैठकांमध्ये दवाखान्यासाठी कर्ज मागायला कुणी उभी राहिली की हल्ली एक शब्द हमखास ऐकू येतो, 'कल्चर'. 'कल्चरचा रिपोर्ट यायचाय, म्हणून ठेवून घेतलंय.' 'दोन्ही हातांतून रक्त काढलं आणि दोन दिवस झाले तरी काही सांगत नाहीत.' रिपोर्टला उशीर होतो म्हणजे दवाखाना पैसे काढतोय, असंही काही जणींना वाटतं. ही तपासणी नेमकी काय असते आणि तिच्यासाठी थांबावं का लागतं, ते आज समजून घेऊ.

आपल्या तोंडात, आतड्यात, कातडीवर जंतू असतातच. रक्तात मात्र त्यांनी मुक्काम करायचा नसतो. कधी पिकलेल्या जखमेतून, लघवीच्या किंवा फुप्फुसाच्या संसर्गातून, बाळंतपणानंतर गर्भपिशवीतून, सिझेरियनच्या टाक्यांतून, बाळाच्या नाळेतून ते रक्तात शिरतात. दवाखान्यात बरेच दिवस सलाईनची सुई किंवा लघवीची नळी असेल, तर तिथूनही शिरतात. मग त्यांच्याशी झुंजताना शरीराचाच तोल जातो आणि मूत्रपिंड, फुप्फुस, मेंदू यांना इजा होऊ लागते. याला डॉक्टर 'सेप्सिस' म्हणतात. आपल्याकडे 'सेप्टिक झालं' किंवा 'अंगात विष भिनलं' म्हणतात, ते बहुतेक वेळा हेच. हुडहुडी भरून ताप, धाप लागणं, लघवी कमी होणं, बरळणं, अंग गार पडणं ही त्याची लक्षणं. तान्हं बाळ दूध ओढत नसेल, मलूल किंवा गार पडलं असेल, तर तेही तितकंच धोक्याचं. अशा वेळी घरी थांबायचं नाही.

रक्तात जंतू आहेत का, हे साध्या तपासणीत का कळत नाही? नेहमीच्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात. त्यावरून शरीर कुणाशी तरी लढतंय एवढंच समजतं, कुणाशी ते समजत नाही. आणि हे जंतू रक्तात फार थोडे असतात. मोठ्या माणसाच्या एक मिलिलिटर रक्तात कधी एखादा, तर कधी तोही नाही. म्हणून आधी त्यांना वाढवावं लागतं.

हे वाढवणं आपल्याला नवं नाही. कोमट दुधात चमचाभर विरजण घातलं, भांडं उबेला ठेवलं की सकाळी दही लागतं. चमच्यातले थोडे जंतू रात्रभरात भांडंभर होतात. कल्चरमध्येही तेच होतं. जंतूंचं खाद्य असलेल्या बाटलीत रुग्णाचं रक्त घालतात आणि ती बाटली शरीराच्या उबेइतक्या, म्हणजे ३५ ते ३७ अंशांवर ठेवतात. जंतू असले तर ते वाढतात आणि त्यांच्यापासून वायू तयार होतो. मोठ्या प्रयोगशाळेतलं यंत्र हा वायू ओळखून इशारा देतं. बहुतेक जंतू पहिल्या दोन दिवसांत दिसतात, पण काही सावकाश वाढतात, म्हणून बाटली साधारण पाच दिवस ठेवतात.

बाटलीत वाढ दिसली की त्यातला थेंब काचेवर घेऊन रंगवतात. डेन्मार्कचे डॉक्टर ग्राम यांनी १८८४ मध्ये ही रंगवायची पद्धत शोधली. जांभळे दिसणारे जंतू एका गटातले, लाल दिसणारे दुसऱ्या गटातले. एवढ्यावरूनही डॉक्टरांना दिशा मिळते. मग जंतू थाळीवर वाढवून त्यांचं नाव ओळखतात आणि कोणतं औषध त्यांना मारतं ते तपासतात. थाळीवर वेगवेगळ्या औषधांच्या बारीक चकत्या ठेवतात. ज्या चकतीभोवती जंतू वाढत नाहीत, ते औषध लागू. रिपोर्टमध्ये औषधापुढे इंग्रजी 'एस' असेल तर औषध चालतं, 'आर' असेल तर जंतू त्याला दाद देत नाही. यालाही आणखी एखाद-दोन दिवस जातात.

या तपासणीचा आणि बाळंतिणींचा संबंध जुना आहे. पूर्वी सूतिकाज्वरानं कितीतरी बाया जात. १८७९ साली पॅरिसच्या वैद्यक अकादमीत लुई पाश्चर यांनी फळ्यावर साखळीसारखे जंतू काढून दाखवले आणि बाळंतिणींच्या या तापाचं कारण हे आहे, असं सांगितलं. कारण कळलं म्हणून पुढे उपाय सापडला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दूध कडकडीत असताना विरजण घातलं तर दही लागत नाही, कारण विरजणातले जंतूच मरतात. तसंच अँटिबायोटिक आधी दिलं आणि मग कल्चरचं रक्त घेतलं, तर बाटलीत पुष्कळदा काहीच वाढत नाही. रुग्ण आजारीच असतो, पण जंतूचं नाव कळत नाही. आमच्या एका गटातल्या सदस्येच्या सुनेचं असंच झालं. बाळंतपणानंतर ताप आला, गावाजवळच्या एका दवाखान्यात तीन दिवस इंजेक्शनं दिली, उतार पडला नाही म्हणून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं कल्चर केलं, पण काही उगवलं नाही. डॉक्टरांना अंदाजानं भारी औषधं द्यावी लागली. सून वाचली, पण मुक्काम लांबला आणि गटाकडून दुसऱ्यांदा कर्ज घ्यावं लागलं.

म्हणून क्रम लक्षात ठेवा : आधी रक्त, लगेच औषध. रिपोर्ट येईपर्यंत औषध थांबवायचं नाही. सेप्सिसमध्ये तासातासाला धोका वाढतो. डॉक्टर आधी अंदाजानं औषध सुरू करतात आणि रिपोर्ट आल्यावर बदलतात, तेव्हा 'रोज औषध का बदलतात' म्हणून भांडू नका. आणि काही कारणानं रक्त घेता आलं नाही, तरी औषध अडवून धरू नका.

दोन्ही हातांतून रक्त घेतात त्यालाही कारण आहे. कातडीवरचा जंतू सुईबरोबर बाटलीत गेला तर रिपोर्ट फसवा येतो. दोन्हीकडे एकच जंतू आला तर तो रक्तातलाच असण्याची शक्यता जास्त. म्हणूनच कातडी नीट पुसून, वाळू देऊन सुई टोचतात. मोठ्या माणसाच्या एका बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त घेतात. सगळ्या बाटल्या मिळून २० ते ४० मिलिलिटर होतं. रक्तदानात ३५० मिलिलिटर देतात, तेव्हा याला घाबरू नका. तान्ह्या बाळाचं एखादा मिलिलिटरच घेतात.

टायफॉइडचंही सांगतो. गावाकडे ताप आला की 'विडाल' करतात. ती तपासणी जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीरानं काय तयार केलं ते शोधते. त्यामुळे जुन्या आजारानंही ती पॉझिटिव्ह येते, आणि पहिल्या आठवड्यात खरा टायफॉइड असून निगेटिव्हही येते. तापाच्या पहिल्या आठवड्यात कल्चर केलं तर टायफॉइडचा जंतू सापडायची शक्यता जास्त असते. मात्र डेंग्यू किंवा मलेरिया कल्चरमध्ये दिसत नाही, त्यांच्या तपासण्या वेगळ्या. म्हणून 'कल्चर निगेटिव्ह' म्हणजे 'आजार नाही', असं समजू नका.

मग आपण काय करायचं? रुग्णाला नेताना आधी घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं, इंजेक्शनच्या चिठ्ठ्या, मेडिकलमधून घेतलेलं सगळं बरोबर न्या आणि दाखवा, लपवू नका. ज्या पाकिटावर लाल उभी रेघ असते ती औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचीच नाहीत. दाखल करताना शांतपणे विचारा, 'डॉक्टर, अँटिबायोटिकच्या आधी कल्चरचं रक्त घ्यायचं आहे का?' प्रत्येक तापाला कल्चर लागत नाही, ते डॉक्टर ठरवतील, पण विचारायला हरकत नाही. लहान दवाखान्यात ही सोय नसते, बाटल्या बाहेर पाठवतात. तुमच्या हाती दिल्या तर लगेच पोचवा आणि फ्रिजमध्ये ठेवू नका, गारठ्यात जंतू वाढत नाहीत. रुग्णाला दुसरीकडे हलवलं तर कल्चर पाठवल्याचं रेफरच्या चिठ्ठीवर लिहून घ्या. घरी सोडल्यावर रिपोर्ट येणार असेल तर फोन नंबर देऊन ठेवा आणि रिपोर्टची प्रत जपून ठेवा. पुढच्या आजारात ती कामाला येते.

पुढच्या बैठकीत कर्जाचा विषय निघेल, तेव्हा ही माहिती वाचून दाखवा आणि डॉक्टरांना विचारायचा प्रश्न गटाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. ज्या घरात बाळंतीण आहे, तिथं तर आधी सांगा.